जरा हळू, भाऊ

—नाही नाही, तो काळा हातमोजा नको, भाऊ, तो ठेवा बाजूला, त्यानं तांब्याची भांडी निघतील. हा घ्या, माझा, झिजून मऊ झालेला. पाठच तेवढी घासायची राहिलीये. बाकीचं माझं मी केलं, पण पाठीला हात पोचत नाही — पूर्वी पोचायचा का? नसेलही. पूर्वी प्रश्न पडला नव्हता. तुमची पाठ मी देईन हं घासून नंतर, तेवढं तर हमामात परकं माणूसही करतं. हां… जरा हळू, भाऊ, जरा हळू. डॉक्टर म्हणाला, उस्ताद, या वयात कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, तिला घासायचं नसतं, तिची समजूत काढायची असते. कोमट पाणी, ऑलिव्हचा मऊ साबण, अंग ओलं आहे तोवर तेल, आणि चोळाचोळ बंद. उस्ताद म्हणजे — मी विद्यापीठात होतो, भूगर्भशास्त्र शिकवायचो. मातीवर प्रबंध आहे माझा. हीच आपली घसूल माती, अंगाला लावायची — तुमच्या त्या झाकल्या वाटीतही तीच भिजत असेल. तिचे थर, तिचे क्षार, सगळं लिहिलं, आणि तोंडाला म्हणून कधी लावली नाही. विचित्र आहे ना? म्हणजे मला वाटतं विचित्र आहे. तुम्हाला नसेल वाटत.

आज मात्र सगळं साग्रसंगीत. आज दुपारच्या नमाजानंतर मी — आता तुमची-माझी ओळख ना पाळख, म्हणून सांगतो — मागणी घालायला जातोय. हो, मीच. स्वतःसाठी. हसा, हसा, माझी बहीण शमा तर जमिनीवर बसून हसली, आणि मग उठून मागणीला न्यायचे साखरेचे सुळके आणायला गेली. हे सगळं त्या तेलापायी झालं. ऐका तर. निवृत्तीनंतर तोंड असं सुकलं की हसलो तर तडा जाईल, म्हणून कोणीतरी म्हणालं, आर्गनचं तेल लाव. घरात बाटली होती. रोज रात्री लावायला लागलो. आठवड्याभरात गल्लीतली मांजरं माझ्या मागे. मला वाटलं, म्हातारपणी माणसाच्या चेहऱ्यावर काही करुणा वगैरे उतरत असेल, प्राण्यांना कळत असेल. काय हसताय? हसताय ना? पाठीवर हात हलला तुमचा. तर एके दिवशी अत्ताराच्या दुकानात एक बाई माझ्याकडे बघतात, नाक वर करतात, आणि म्हणतात, “उस्ताद, राग मानू नका, पण तुमच्या तोंडाला न्याहारीचा वास येतोय. हे भाजलेल्या बियांचं तेल आहे हो, स्वैपाकाचं! चेहऱ्याला कच्च्या बियांचं लावतात. पाव घेऊन कोणी मागे लागलं नाही ना अजून?” भर दुकानात. चार माणसांत. आणि मला, भाऊ, मेल्याहून मेल्यासारखं व्हायच्याऐवजी चक्क बरं वाटलं.

बतूल त्यांचं नाव, मानानं सगळे लल्ला बतूल म्हणतात. विधवा आहेत, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. दुसऱ्या दिवशी मोलकरणीच्या हाती त्यांच्या घरच्या मातीचा पुडा आला. आपल्याकडे प्रत्येक घराची वेगळी असते ना — कोणी लवंग उकळतं, कोणी गुलाब, कोणी लव्हेंडर — पण यांच्या मातीत काय असावं? बडीशेप! त्यांच्या आईनं कधीतरी डबा चुकून ओतला आणि मग घराण्याची रीतच होऊन बसली. अख्ख्या फास शहरात मातीत बडीशेप घालणारं हे एकच घर. मी तोंडाला खाण्याचं तेल फासणारा, आणि ही खाण्याची बडीशेप अंगाला लावणारी माणसं — मला तर तो योगच वाटला. म्हणजे शास्त्रीय आधार नाही त्याला. आई गं — खांद्यावर हळू, भाऊ.

त्यांची स्वतःची लग्नाला हरकत नाही. हरकत आहे ती — अजून नाही, पण असणार — त्यांच्या थोरल्या भावाची. हाज तुहामी. उज्दाहून यायचेत, आले असतील काल रात्रीच. ते हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर बतूल एक शब्द बोलणार नाहीत, मला त्या सरळ म्हणाल्या तसं. आणि हा गृहस्थ जन्मभर सरहद्दीवर जकात खात्यात! पिशवी न उघडता आत काय आहे ते सांगतो म्हणे. बोलत नाही फारसा, समोरच्याला बोलू देतो. मला अशा माणसांची धास्ती वाटते. समोरचा गप्प बसला की मला राहवत नाही, मी बोलत सुटतो. तुमच्यासारखा मोकळा माणूस असला तर प्रश्न नसतो.

आता त्यांना काय सांगायचं? वय सत्तरच्या आत सांगितलंय. आहे पंच्याहत्तर. खोटं नाही म्हणता येणार, कातडीचं वय वेगळं मोजतात असं मी कुठेतरी वाचलंय — किंवा वाचलं नसेल, मनातच आलं असेल. दाढीला मेंदी लावतो. घोरतो; शमा म्हणते, भिंतीपलीकडून ऐकू येतं. आणि “लग्न कशाला करताय?” असं विचारलं तर? घर आहे, पेन्शन आहे, पुस्तकं आहेत, मग कशाला? सोबतीला, असं म्हणायचं ठरवलंय. सभ्य उत्तर आहे. खरं उत्तर भावासमोर सांगण्यासारखं नाही. खरं सांगू? बायको, आमची रुकय्या, गेल्यापासून चेहऱ्याला तेल लावतो, हातापायांना लावतो, पण पाठीचा मधला भाग — तिथं कोणाचा हातच लागलेला नाही. आधी लाकडी चमच्यानं लावून पाहिलं. मग दाराला तेल फासलं आणि दाराला टेकून — हसू नका, शमानं ते दार पाहून सुतार बोलावला! रात्री खाजतं, आणि मी अंधारात विचार करतो की मी मेलो तर एवढा एक कोरडा चौकोन तसाच राहील. आता जकात खात्यातल्या माणसाला हे सांगायचं का, की साहेब, तुमची बहीण मला पाठीच्या या चौकोनासाठी हवीय? उचलून फेकेल तो मला. आणि बरोबरच आहे त्याचं.

असो. झालं ना घासून? छान झालं. आता तुमची माती घेताय? काढा झाकण. नको, नको, माझ्यासाठी कशाला, तुमच्या घरची आहे — अं… वा. गुलाब. लवंग पण आहे. आणि —

भाऊ, या मातीत बडीशेप आहे.

तुम्ही… काल रात्रीच्या गाडीनं आलात का? उज्दाहून?

हाज तुहामी?

तो पंच्याहत्तरचा आकडा — नाही, तो खराच आहे. घोरणंही. दारही. मी — माझा टॉवेल कुठं — मी निघतो, शमाला सांगतो सुळके परत कर — काय? बसू? बसलो. हे बघा, घ्या आता तो काळा हातमोजा, घ्या, आणि घासा हवं तेवढं. हळू कशाला? आता आत उरलंय काय? करा, हाज. मी तयार आहे. डोळे मिटलेत.

हाज?

हे काय… हातमोजा नाही घातलात? नुसत्या हातानं… आणि तिथंच, बरोबर तिथंच… हां… थोडं डावीकडे — नाही, नाही, काही नाही. बोलत नाही. गप्प बसतो.