पोटातला दाब

जळगावच्या एका दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. मोगराबाई सातपुड्याच्या पायथ्याच्या, सकीनाबी भुसावळच्या.

"अक्का, तुमच्या घरच्यांना काय झालं?" सकीनाबींनी विचारलं.

"महूना झाडवरून पडनात. आतडं फाटनं. परवा ऑपरेशन व्हयनं. आते पोट नगारासारखं कडक शे."

"मग लघवीच्या नळीतून पोटातला दाब मोजत असतील."

"हा. सकाळी बारा व्हता, दुफारले अठरा. आते सिस्टर चोवीस बोलनी आन् पयतच डॉक्टरकडे गयी."

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या आणि मोगराबाईंकडे वळल्या. "तेरसिंगचं कोण आहे? मावशी, दाब उतरत नाही, लघवीही थांबलीय. पोट पुन्हा उघडावं लागेल. काही दिवस उघडंच ठेवू. इथे अंगठा द्या."

"उघडा पोटना मानूस जगस का, सिस्टर?"

"नाही उघडलं तर श्वासही अडकेल, मावशी."

"सकीनाबी, तुम्ही सांगा. मी काय करू?"

"माझ्या नवऱ्याचं, नजीरचंही पोट उघडंच आहे. वर प्लास्टिक लावलंय. आज पाचवा दिवस."

"ते बोलतस का?"

"नाही. पण काल मी हात धरला, तर त्यांनी माझी बोटं दाबली."

"जोरमा?"

"जोरात नाही, अक्का."

"...सिस्टर, शाई आना."

दोन तासांनी सिस्टर पुन्हा दारात आल्या.

"मावशी, पोट उघडलं. दाब अकरावर आलाय."

"लघवी?"

"थोडी आली."

"परत कव्हय मोजशात?"

"चार तासांनी."

"मंग चार तास मी आठून हालाव नई."