शेजारचं कुलूप

(दुपार. रुग्णालयाची प्रयोगशाळा. तिथे डॉक्टर असलेली बहीण आणि तिचा थोरला भाऊ, कुलूप-किल्लीवाला. धाकटा भाऊ बारक्या वर वॉर्डात आजारी; त्याची बायको, वहिनी, त्याच्याजवळ.)

बहीण : नव्या औषधासाठी सही तुझी नकोच आहे, वहिनीचीच लागते. पण ती म्हणते, दादा म्हणतील तसं. म्हणून तुला खाली बोलावलं.

थोरला : आणि दादा म्हणतोय, नाही. झालं? जाऊ मी वर?

बहीण : बस त्या स्टुलावर. आधी सांग, गोळी घेतलीस का?

थोरला : बारक्या तिकडे तापाने फणफणलाय आणि तुला माझ्या गोळीचं पडलंय.

बहीण : तिची वेळ चुकवायची नसते.

थोरला : माहितीय. रोज चार वाजता फोन करून तोच डोकं खातो माझं. "दादा, गोळी." एवढंच बोलतो आणि ठेवतो. आज नाही आला फोन. तू विषय बदलू नकोस. या औषधाचा सौम्य प्रकार उद्या संध्याकाळी येतोय, असं वरचे डॉक्टर सकाळी म्हणाले की नाही?

बहीण : म्हणाले.

थोरला : मग उद्यापर्यंत थांबा.

बहीण : आम्ही थांबू रे. बारक्या थांबला पाहिजे ना.

थोरला : हे बघ डॉक्टरीणबाई, दोन दिवस त्याच्या शिरेत भारी भारी औषधं ओतताय. ताप हलत नाही. आता म्हणता ते बंद, हे घ्या, आणि हे किडनीवर जातं. अंदाजपंचे चाललंय का तुमचं?

बहीण : पहिल्या दिवशी मणक्यातल्या पाण्यात काही दिसलं नाही. मेंदूच्या आवरणाला सूज, एवढा ताप, म्हणजे बहुतेक वेळा जिवाणूच असतात. वाट बघण्यात माणूस जातो, म्हणून जिवाणूंचं औषध सुरू केलं. आज परत पाणी काढलं. ये, इथे डोळा लाव.

थोरला : मला काय कळतंय त्यातलं?

बहीण : कुलपाच्या पोटात बघतोस ना रोज? तसंच बघ. ही दुसऱ्या एका पेशंटची काच.

थोरला : ठिपके आहेत. जांभळे. खसखशीपेक्षा बारीक.

बहीण : ते जिवाणू. आता ही बारक्याची. शाई घातलीय, म्हणून मागे काळं दिसेल.

थोरला : अगं, हे केवढाले आहेत! काळ्यात पांढरी कडी. आणि एकाला दुसरं बारकं चिकटलंय.

बहीण : पिल्लू काढतंय ते. ही बुरशी आहे, दादा. कबुतरांच्या विष्ठेत असते.

थोरला : लिफ्टची मशीनरूम. लिफ्ट दुरुस्त करायला रोज तिथेच तर चढतो तो.

बहीण : तिथेच गेली असणार छातीत.

थोरला : तोंडाला फडकं बांध, फडकं बांध, किती वेळा सांगितलं मी. हसायचा. "दादा, कबुतरं लिफ्टने जात नाहीत, त्यांची तक्रार नसते." शहाणा! बरं, बुरशी तर बुरशी. दोन दिवसांच्या औषधाला तिने जुमानलं का नाही?

बहीण : कारण ती पेशीच वेगळी. शाळेत घोकलं होतंस बघ, आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी.

थोरला : घोकलं होतं. म्हणून तर किल्ल्या घासतोय.

बहीण : जिवाणू म्हणजे एका खोलीचा संसार. आत आडभिंत नाही, केंद्रक नाही, गुणसूत्राचा धागासुद्धा तसाच उघड्यावर. बाहेरची भिंत त्याची स्वतःची, प्रथिनं बनवायचं यंत्रही वेगळ्या बनावटीचं. आपल्या पेशीत त्यातलं काही नाही. त्यामुळे औषध बिनधास्त त्यांनाच हाणतं, आपल्याला फारसं लागत नाही.

थोरला : आणि ही कबुतरांची?

बहीण : हिला केंद्रक आहे. आत खोल्या आहेत, ऊर्जा बनवायची वेगळी सोय आहे. तुझ्या-माझ्या पेशीत जे आहे तेच. दिसायला एवढीशी, पण ती आपल्या भावकीतली. तिला मारायला जावं तर आपल्याच अंगाला लागतं.

थोरला : काहीतरी फरक असेलच ना. एका कंपनीची असली तरी दोन कुलपं काही तंतोतंत सारखी नसतात.

बहीण : आहे ना. तिच्या आवरणात चरबीसारखा एक पदार्थ असतो. आपल्या आवरणात त्याचाच सख्खा भाऊ. औषध तेवढ्या फरकावरून तिला ओळखतं आणि तिच्या आवरणाला भोकं पाडतं. पण ओळखण्यात कधी कधी—

थोरला : शेजारचं कुलूप उघडतं.

बहीण : म्हणजे?

थोरला : किल्लीवर कानस जरा जास्त फिरली, की त्याच कंपनीचं शेजारचं कुलूपही उघडतं. गिऱ्हाईक हसत येतं, म्हणतं, तुमची किल्ली शेजाऱ्याला पण चालते.

बहीण : अगदी तेच. आणि हे औषध ज्या शेजाऱ्याचं दार उघडतं—

थोरला : किडनी.

बहीण : हो.

थोरला : आणि ती त्याच्याकडे एकच आहे. कारण दुसरी इथे आहे, माझ्या पोटात. आता कळलं मी नाही का म्हणतोय? ही घेताना डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं होतं, एका किडनीवर आयुष्य निघतं. मी लगेच विश्वास ठेवला. मला जगायचं होतं ना! आता उरलेली पण मीच हो म्हणून घालवू?

बहीण : घालवेलच असं नाही.

थोरला : ही काढून परत देता येत नाही का त्याला?

बहीण : वेड्यासारखं बोलू नकोस.

थोरला : वेड्यासारखंच आहे सगळं. सख्ख्या भावाची किडनी, तरी माझं शरीर तिला परकी समजतं, म्हणून रोज गोळ्या. आणि त्याच्या डोक्यात कबुतरांची घाण घरच्यासारखी बसलीय!

बहीण : दादा, नीट ऐक. किडनीला त्रास झाला तर मी काहीतरी करू शकते. औषधाआधी सलाइन देऊ, रोज रक्त तपासू, अगदीच वेळ आली तर डायलिसिस लावू. उद्या सौम्य औषध आलं की लगेच बदलू. मेंदू गेला तर काय लावू मी?

थोरला : ओरडू नकोस.

बहीण : ओरडत नाहीये. घाबरलेय. माझाही भाऊच आहे तो.

थोरला : कोण आलं बघ.

बहीण : वहिनी! अगं, बारक्याजवळ कोण आहे?

वहिनी : सिस्टर आहेत. त्या म्हणाल्या, काय ते लवकर विचारून या. दादा, ते मला ओळखत नाहीयेत. सकाळी निदान हात तरी दाबत होते. आत्ता म्हणाले, बाई, तुम्ही कोण?

थोरला : रडू नकोस, पोरी. काही मागतोय का तो? पाणी वगैरे?

वहिनी : एकच बडबड लावलीय. घड्याळाकडे बोट दाखवतात. चार वाजून गेले, माझा फोन द्या, दादाला गोळीचं सांगायचंय.

बहीण : दादा...

वहिनी : मी म्हटलं, मी सांगते त्यांना. तर मलाच रागावले. म्हणाले, तुमचं नाही ऐकणार तो, माझंच ऐकतो.

थोरला : सही कर.

वहिनी : दादा?

थोरला : कर सही. आणि तू गं, त्याचं रोजचं रक्त तू तपासायचंस. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही.

बहीण : मीच तपासेन. चला वर, वेळ नको घालवायला. दादा, तूही ये, त्याला सांग गोळी घेतली म्हणून. निदान शांत पडेल.

थोरला : थांब, त्याच्याशी खोटं नको बोलायला. आधी पाणी दे.