एकेचाळीस सेकंदांच्या टाळ्या

डाव्या गालावरची जखम, चार बोटं लांब, लॅटेक्स आणि कापसाची. कपाळावरची फाटलेली कातडी, दोन थरांत. गळ्यावर दातांच्या खुणा, सात. दोन्ही हात कोपरापर्यंत राखाडी. ओठ निळे. दहाही नखं निळी, मुळाशी काळपट. सुधाकर गेला तेव्हा त्याच्या अंगावर माझ्या हातचं हे एवढं काम होतं. डोळ्यांतल्या पांढऱ्या लेन्स मी केलेल्या नव्हत्या, विकत आणल्या होत्या. त्या मी मोजत नाही.

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. मला सभेत बोलायची सवय नाही. हे बोलणं मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. हा पाचवा कागद. वाचून बोलतो म्हणून राग मानू नका. आज माझ्याकडून एकही गोष्ट चुकीची सांगितली जायला नको.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. मी वासुदेव. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात रंगखात्यात एकोणीस वर्षं झाली. चेहरे करायला मला कोणी शिकवलं नाही. मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांचे पुतळे निघतात, ते करता करता हात बसला. कुठलं प्रमाणपत्र नाही. पण मेलेल्या माणसाच्या कातडीचा रंग नागपुरात माझ्यासारखा कोणी काढत नाही, हे मी सांगायचो. सगळ्यांना सांगायचो. आज सांगत नाही.

सुधाकर माझा चोवीस वर्षांपासूनचा मित्र. सदरला त्याचं झेरॉक्सचं दुकान. मेलेली माणसं उठून शहरात फिरतात, असे ते दोन इंग्रजी सिनेमे हिंदीत डब होऊन आले, आणि आम्ही दोघं त्यांत अडकलो ते अडकलोच. आमच्यासारखे आणखी एकवीस जण मिळाले. आम्ही मंडळ काढलं. नाव मुर्दा मंडळ. गणपतीच्या मंडळाला असतात तसे अध्यक्ष, खजिनदार, सगळं. नातेवाईक हसायचे. पहिल्या भागात मुर्दे चालतात, दुसऱ्यात पळतात, यावरून मंडळात दोन तट होते. मनोहरदादा, तुम्ही त्याचे थोरले भाऊ, तुम्हीच एकदा त्याला म्हणाला होता, "मेलेला मानूस पयते काहून बे?" आणि तो तुमच्या तोंडावर म्हणाला, "दादा, तू जित्ता असून पयत नाही, त्याचं काय करू?" तुम्ही हसला होता. मी तिथे होतो.

तिसरा भाग यायला अकरा वर्षं लागली. अकरा वर्षं! त्याच्या दुकानात काउंटरवर पाटी असायची, खडूनं लिहिलेली. "तिसरा भाग: अजून नाही." झेरॉक्स काढायला आलेले वकील विचारायचे, हे काय? तो मशीन थांबवून दुसऱ्या भागाची सगळी गोष्ट सांगायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सांगायचा. आणि गेल्या महिन्यात तारीख आली. येता शुक्रवार. मला कारखान्यात फोन. "वासुदेव, आला बे! तिसरा आला! सोड ते रंग अन् ये!" सेहेचाळीस वर्षांचा माणूस फोनवर रडत होता, मित्रांनो.

आता मी जे सांगतो आहे ते नीट ऐका. कारण गेले नऊ दिवस या घरात, या बेसा वस्तीत आणि तुमच्या सगळ्यांच्या फोनवर एकच गोष्ट फिरते आहे. सुधाकर पडतो, आणि सुनंदा वहिनी हसतात. अकरा सेकंदांचा तुकडा. "नवरा मरून राहिला, अन् हे बाई हसून राहिली." हे वाक्य मी या नऊ दिवसांत कितीदा ऐकलं ते सांगत नाही. कोणाच्या तोंडून ऐकलं तेही सांगत नाही. वहिनी आत्ता मागच्या खोलीत बसल्या आहेत. समोर जागा नव्हती म्हणून नव्हे.

दादा, बसा. माझं झालं की तुम्ही बोला. तोवर बसा.

त्या हसल्या. खरं आहे. काहून हसल्या, ते सांगतो.

दुसऱ्या भागाच्या शेवटी एक मुर्दा उभ्याचा उभा पडतो. गुडघा न वाकवता, झाड पडावं तसा. तो तिथेच संपला, का तिसऱ्यात उठणार, यावर आम्ही अकरा वर्षं भांडलो. त्यातून मंडळात एक रीत पडली. दर बैठकीत एकानं तसं पडून दाखवायचं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नियम दोन. टाळ्या चालू आहेत तोवर पडलेल्यानं उठायचं नाही. आणि तो उठत नाही तोवर टाळ्या थांबवायच्या नाहीत. आधी जो थकेल तो हरला. नियम लिहिले मी आणि सुधाकरनं, त्याच्या दुकानात बसून, आणि आम्हाला ते फार हुशारीचे वाटले होते. सर्वांत जास्त वेळ पडून राहिलेला कोण? सुधाकरच. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. तो गेला त्या दिवशी मंडळानं भाड्यानं घेतलेल्या लॉनवर सगळ्यांच्या घरच्यांना तिसऱ्या भागाचा ट्रेलर दाखवला, त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडणार होता. महिनाभर घरी गादीवर पडून सराव चालला होता. वहिनी ओरडायच्या, "अवो, पलंग मोडन ना!" आणि तो पडल्या पडल्या म्हणायचा, "मुर्द्याशी बोलू नये वं."

महिनाभर रोज जो माणूस पडायचा आणि उठून चहा मागायचा, तो पुन्हा पडला. तेवीस घरची माणसं टाळ्या वाजवत होती. तिथे बायको हसली. तुमच्यातलं कोण हसलं नसतं?

आता माझं. त्या सकाळी साडेआठपासून तो माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. दोन तास चाळीस मिनिटं. गालाचा थर सुकत असताना तोंड हलवलं तर कडा तडकते, म्हणून मी बोलू देत नाही. कोणालाच देत नाही. दहाच्या सुमाराला त्यानं हात वर केला. काहीतरी सांगायचं होतं. मी म्हणालो, "चूप बस गा, कडा जाईल." त्यानं हात खाली घेतला. थोड्या वेळानं पुन्हा वर केला. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा त्यानं केला नाही.

नाक खाजवायचं असेल. पाणी हवं असेल. छातीत काही होत असेल. मला माहीत नाही, आणि आता ते कधी कळणारही नाही. पण विचारायचंच असेल, की सोबतच्या माणसाला दिसलं कसं नाही, तर सोबत मी होतो. वहिनी तेव्हा लॉनच्या गेटवर पोह्यांच्या प्लेटा मोजून घेत होत्या. त्याचे ओठ निळे झाले असतील तर ते माझ्या निळ्याखाली झाले. नखं पांढरी पडली असतील तर माझ्या रंगाखाली. दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर आकडाच येईना. रंगामुळे. मी स्पिरिटनं एक नख घासत होतो आणि तो निघत नव्हता, कारण न निघणारा रंग करायला मी सहा महिने घालवले होते. डॉक्टर म्हणाले, लवकर निघाला असता तरी फरक पडला नसता. खरं म्हणाले की माझी दया येऊन म्हणाले, ते त्यांनाच ठाऊक.

आणि व्हिडिओचं. अकरा सेकंदांचा तुकडा मंडळातल्याच एकानं त्याच क्षणी ग्रुपवर टाकला. तो इथे बसला आहे. मी नाव घेणार नाही. त्याला वाटलं, नेहमीसारखा सुधाकर उठेल. सुधाकरला दवाखान्यात नेताना आम्ही गाडीत होतो तेव्हाच तो तुकडा बाहेर गेला होता.

पण दुसरा एक व्हिडिओ होता. माझा. माझ्या प्रत्येक कामाची मी नोंद ठेवतो. पडायच्या जागेसमोर फोन स्टँडवर लावून ठेवला होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून त्यात सगळं आलं. मी तो बारा वेळा पाहिला. रंगखात्यात आम्ही सेकंदावर काम करतो, डोळ्याला सवय आहे. तर ऐका.

तो पडला, तिथून मोजतो. तिसऱ्या सेकंदाला टाळ्या. सहाव्याला वहिनी हसतात. अकराव्याला तुमच्या फोनवरचा तुकडा संपतो.

तेराव्या सेकंदाला वहिनींचं हसू थांबतं.

एकट्या त्यांचं. सगळी माणसं हसत आहेत आणि त्या एकट्या थांबल्या. का? त्यांनीच मला सांगितलं. घरी सराव करताना तो शेवटच्या क्षणी डावा तळवा खाली टेकवायचा आणि मग पोटाखाली लपवायचा. आम्हा मंडळातल्या बावीस जणांना हे अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी स्वतःला बारकाव्याचा माणूस म्हणवतो. त्या दिवशी तळवा आला नाही. ते त्यांना दिसलं.

पंधराव्या सेकंदाला त्या उठल्या. खुर्ची मागे पडली. एकोणिसाव्याला त्याच्याजवळ. बाविसाव्याला एक माणूस ओरडतो. आवाज स्वच्छ होता. "वहिनी, हात लावू नका, रंग ओला आहे!"

तो मी.

त्यांनी ऐकलं नाही. त्याला उलटा केला. ते करतानाही टाळ्या चालू होत्या. एकेचाळिसाव्या सेकंदापर्यंत टाळ्या चालू होत्या, मित्रांनो. आपल्या. ती एक बाई त्याच्या छातीवर हात ठेवून ओरडते आहे, "टाया नका वाजवू! टाया नका वाजवू!" आणि आपल्याला वाटतं आहे की वहिनीसुद्धा नाटकात उतरल्या.

दादा, मान वर करा. तुम्ही तिथे नव्हता. तुम्हाला कोणीतरी अकरा सेकंद पाठवले, तुम्ही तेवढेच पाहिले. भाऊ गेल्यावर माणूस कुठेतरी बोट ठेवायला जागा शोधतो. ठेवा. माझ्यावर ठेवा. हवं तर सगळ्या मंडळावर ठेवा. पण तेवीस घरच्या माणसांत सगळ्यात आधी जी धावली तिच्यावर नको.

पूर्ण व्हिडिओ दाखव, म्हणजे वाद मिटेल, असं मंडळातल्या दोघांनी मला सांगितलं. मलाही पटलं होतं. फोन घेऊन मी वहिनींकडे गेलो. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "भाऊजी, माह्यासाठी त्यायले पुन्हा पुन्हा पाडू नका. लोकायले काय म्हनाचं ते म्हनू द्या." म्हणून दाखवत नाही. तोंडानं सांगतो. रंगाच्या एका छटेवरून मी साहेबांशी भांडणारा माणूस आहे, हे तुम्ही जाणता. एक सेकंद इकडचा तिकडे सांगितला असेल तर सुधाकरची शपथ.

आता एक काम. दोन मिनिटांच्या शांततेच्या आधी ते व्हायला हवं. श्रुती बेटा, आत जा. आईला घेऊन ये.

थांबतो मी. कोणी कुजबुजू नका.

मनोहरदादा, थोडं सरकता का? नाही, वहिनींना मागच्या रांगेत नको. इथे. तुमच्या शेजारी.

या वहिनी. बसा.

दादांनी स्वतःची खुर्ची दिली. बरं झालं. याहून जास्त मी आज कोणाकडून मागत नाही.

मंडळाच्या लोकांना एवढंच. तो तुकडा ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये आहे त्यानं तो इथे, आत्ता, माझ्यासमोर काढून टाकावा. ज्यांना पाठवला त्यांनाही सांगावं. शुक्रवारची तेवीस तिकिटं आहेत, एका रांगेतली. ज्यांना जायचं त्यांनी जा. मी कोणाला अडवणार नाही. त्यानं अकरा वर्षं वाट पाहिली, ती काही चूक नव्हती. मी जाईन का? अजून ठरलं नाही. ती पडायची रीत मात्र आजपासून बंद. नियम मी लिहिले होते, मीच खोडतो.

आता उभे राहू या. फोन खिशात ठेवा. दोन मिनिटं शांतता, वेळ मी पाहतो. सुधाकर, मित्रा, तुझ्या चेहऱ्यावरून मी तो रंग दवाखान्यात पूर्ण पुसला. जाताना तुझा चेहरा तुझाच होता, एवढं तुझ्या माणसांना कळावं.

सगळे उभे आहात, तर शांततेआधी शेवटचं. हे तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. परवा मुंबईहून एका माणसाचा फोन आला. तिसऱ्या भागाच्या जाहिरातीचं काम पाहणारा. फार अदबीनं बोलला. म्हणाला, तुमच्याकडे पूर्ण व्हिडिओ आहे असं कळलं. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर श्रद्धांजली म्हणून दाखवू. वाट पाहता पाहता जीव गेलेला चाहता, असं लिहू. वहिनी धावतात तिथून पुढचा भाग हवा, आवाजासकट. आधी दीड लाख म्हणाला. मी नको म्हणालो, तर त्याला वाटलं मी भाव करतो आहे. मग त्यानं आकडा वाढवला. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि फोन ठेवून त्याच मिनिटाला तो व्हिडिओ कायमचा पुसला. त्याचा शेवटचा आकडा होता चार लाख पंचवीस हजार रुपये.