टर्बो गार होईपर्यंत

मी मूळची खडकीची, क्वार्टर्समध्ये वाढलेली. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, तिथे आत जाताना झडती, बाहेर येताना झडती, खिशात चुकून काडेपेटी राहिली तर झालंच मग, आणि काय सांगू तुम्हाला, जन्मभर झडती देऊन देऊन त्या माणसाला घरी आल्यावर आमची झडती घ्यायची सवय लागली. दप्तर दाखव, हे पेन कुणाचं, ही मैत्रीण कुठे राहते, तिचे वडील काय करतात. आई म्हणायची अहो, पोरी आहेत त्या, बॉम्ब नाहीत. पण ते काही सुधारले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्ही बहिणीही तशाच निघालो, त्यातल्या त्यात मी जास्त. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तरी मी आधी जुडी उलगडून बघते.

लग्न होऊन कसब्यात आले. आमचे हे, प्रभाकर, सरळ नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळे म्हणायचे, म्हणून मला पहिल्यापासून तेच खटकायचं. एका कंपनीत ड्रायव्हर होते, ती कंपनी बंद पडली तेव्हा स्वतःची गाडी घेतली, डिझेलची, टर्बोवाली. मुंबईचं विमानतळ, महाबळेश्वर, कुणाचं लग्न, कुणाचं हॉस्पिटल, अशी भाडी करायचे, आणि ठरलेली माणसं होती, प्रभाकरच पाहिजे म्हणणारी. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. मशीन गॅलरीच्या दाराशी, आणि गॅलरीच्या बरोबर खाली पार्किंग, त्यामुळे यांची गाडी आली की मला वर बसून कळतं.

गाडी यायची पण बंद व्हायची नाही. म्हणजे आता उभी राहिली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, एवढं मला ऐकू यायचं, आणि नंतर नुसती घरघर घरघर, हे आतच. पहिल्यांदा वाटलं फोनवर असतील. मग रोजच व्हायला लागलं. मी विचारलं अहो, एवढा वेळ काय करता खाली, तर म्हणाले टर्बो गार करतो. टर्बो म्हणजे काय तर इंजिनातून जो धूर निघतो ना त्याच्या जोरावर एक बारका पंखा फिरतो, तो हवा आत ढकलतो, त्याने गाडीला ताकद येते, आणि घाट चढून आली की तो पंखा असा तापतो की विचारू नकोस. त्याला ऑइल गार ठेवतं. इंजिन झटकन बंद केलं की ऑइल फिरायचं थांबतं, जे आत राहिलं ते जळतं आणि टर्बो जातो. म्हणून थोडा वेळ नुसती चालू ठेवायची. सगळं इतकं नीट समजावून सांगितलं की माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण या माणसाने अख्ख्या संसारात मला इतकं सविस्तर काही सांगितलेलं नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागले. खोटं कशाला बोलू, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. एक तर संध्याकाळची भाडी घेणं बंद केलं होतं यांनी, दिवेलागणीच्या आत परत. का, तर दगदग नको. पेपर वाचणं बंद, म्हणे त्यात असतं काय. लेकीने नातीचा फोटो पाठवला तर म्हणाले ठेव, नंतर बघतो, आणि नातीवर जीव टाकणारा माणूस हा. मी म्हटलं याचं लक्ष घरात नाही. शर्टांचे वास घेतले मी, हसू नका, तुम्हीही घेतले असते. डिझेलशिवाय कशाचा वास नाही. ते तर जास्तच संशयास्पद वाटलं.

मग काय, घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचंच म्हणून नाना पेठेत गेले, तिथे रफीकभाईंचं गॅरेज आहे, आमची गाडी त्यांच्याकडेच जाते. म्हटलं रफीकभाई, टर्बो गार करायला किती वेळ लागतो. ते म्हणाले वहिनी, घाटातून, हायवेवरून पळवत आणून थेट उभी केली तर मिनिट-दोन मिनिटं ठेवायची चालू, चांगली सवय आहे. पण गावात शिरल्यावर सिग्नलला थांबत, रांगत घरापर्यंत आली तर वाटेतच गार होतो की, त्याला आणि काय गार करणार. आणि तुम्हाला ठाऊक आहे, शनिवारवाड्यापासून आमच्या गल्लीपर्यंत गाडी चालत नाही, सरकते. म्हणजे टर्बो गार, आणि हे खाली बसलेले. रफीकभाईंनी चहा मागवला होता, तो तसाच ठेवून मी निघाले. आता बाईच असणार, दुसरं काय. परत येताना मनातल्या मनात मी तिला नाव दिलं, साडी नेसवली, तिच्याशी भांडण पण करून टाकलं.

इमारतीतही कुरबूर सुरू झाली होती. धूर वर येतो, लहान मुलं आहेत, वगैरे. आमचे सेक्रेटरी लेलेकाका, तोंडाने कुणाशी बोलत नाहीत, पाटी लावतात. पार्किंगच्या समोरच्या भिंतीवर त्यांची जुनी पाटी होती, आपली गाडी आपल्याच जागेत लावावी, चुकून लागली हे कारण ऐकून घेतले जाणार नाही. एका दुपारी बघते तर ती काढून तिथेच नवी लावलेली, पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये, बसायचे असल्यास घरात खुर्च्या असतात. सरळ सरळ आमच्यावर. मला राग आला आणि बरंही वाटलं, म्हटलं आता बघू या टर्बोचं काय करतात.

त्या संध्याकाळी गाडीचा आवाज आल्या आल्या मी कचऱ्याची पिशवी घेतली आणि खाली गेले, खांबाच्या आड उभी राहिले. इंजिन चालू. काच खाली. मला वाटलं होतं फोनवर बोलत असतील, तर फोन समोर ठेवलेला, काळाकुट्ट. आणि यांनी उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरलेला, मान पुढे काढलेली, आणि समोरच्या पाटीकडे बघत शाळेतल्या पोरासारखं वाचतायत. आपली गाडी. आपल्याच जागेत. लावावी. चुकून लागली हे कारण.

पाटीवर तर ते नव्हतंच. इंजिन चालू ठेवून बसू नये असं लिहिलं होतं, हाताएवढ्या अक्षरांत, आणि हा माणूस डावा डोळा ताणून ताणून जुनी पाटी वाचत होता.

मी पुढे गेले आणि म्हटलं अहो, पाटी बदललीय.

त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. उजव्या डोळ्याने नवी पाटी पूर्ण वाचली, खुर्च्यांपर्यंत. मग किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मी म्हटलं वर चला. वर आल्यावर यांनी सगळं सांगितलं.

गणपतीपासून चाललं होतं म्हणे. साखर दोघांनाही आहे आमच्या घरात, पण यांनी कधी तपासलीच नाही धड. डाव्या डोळ्यासमोर आधी डाग, मग धुरकट, मग जास्तच. रोज गाडी लावली की बघायचं, आज कालच्यापेक्षा कमी दिसतंय का, आणि पाटी वाचता आली की स्वतःची समजूत घालायची, अजून दिसतंय, उद्याचं भाडं घ्यायला हरकत नाही. आता ती वाचत होते का आठवत होते, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. आदल्याच आठवड्यात एक जोडपं विमानतळावर सोडलं होतं, सोबत तान्हं बाळ. मी ते ऐकलं आणि माझा जो काही तोल गेला, म्हटलं तुम्ही आंधळे झालात तर झालात, लोकांची लेकरं घेऊन घाटातून जायला लाज नाही वाटली. यांनी ऐकून घेतलं सगळं. हे रडले पण.

मग मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं, मी इथे बाईचा संशय घेऊन शर्ट हुंगत बसले. तर म्हणाले ठाऊक होतं मला. तू गॅलरीतून वाकून बघायचीस, रफीककडे जाऊन आलीस, सगळं कळत होतं. मी मुद्दाम काही बोललो नाही. बाईच्या संशयावरून तू भांडली असतीस, शैला, पण किल्ली काढून घेतली नसतीस.

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला वाटलं बाई असती तर बरं झालं असतं. बाईला हाकलून देता येतं.

किल्ली मी त्याच वेळी घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं साखरेने पडद्याला सूज आलीय, डाव्यातलं जे गेलं ते फारसं परत येणार नाही, उजवा वाचवू, पण गाडी बंद. आता डोळ्यात इंजेक्शनं देतात, ऐकूनच अंगावर काटा येतो, पण हे गुपचूप घेतात. गाडी विकली. नेणाऱ्याला हे टर्बोचं सांगत होते, घाटातून आलास की लगेच बंद करू नकोस, आणि तो हो हो म्हणत होता.

आता माझ्या झालेल्या साड्या हे पोचवतात, कसब्यात काय सगळं पायीच असतं. आल्यावर मी विचारते दिसलं का नीट, तर म्हणतात लख्ख. माझा काडीचा विश्वास नाही. उजवा डोळा तेवढा देवाने राखावा, एवढंच मागणं आहे, बाकी आम्ही दोघं मिळून भागवू.

परवा संध्याकाळी मी ताट वाढत होते, तर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले ही हिरवी साडी तुला छान दिसते. निळी होती हो साडी. मी म्हटलं हो, हिरवीच आहे, बसा आता जेवायला.