मावळती नसलेला रोजा

(पेराक नदीकाठचं गाव, लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार. मागच्या अंगणात घासून पालथ्या घातलेल्या तीन काहिली. खांबांवर उभ्या घराच्या ओट्यावर थोरली बहीण सलबिया, जिला घरात सगळे ‘योंग’ म्हणतात, आणि धाकटा भाऊ झबिदी, तिचा ‘अलांग’; दोघांच्या मधे एक उष्टा वाडगा. झबिदीची बायको मास्तुरा, त्याला ‘अबांग’ म्हणणारी, औषधाच्या टोपणात पाणी घेऊन दारात उभी आहे.)

मास्तुरा : पंधरा मिनिटं झाली, अबांग. पुढचा घोट.

झबिदी : ठेव इथे.

मास्तुरा : ठेवून चालायचं नाही. माझ्यासमोर घ्या. आणि आधी सांगा, कळ थांबली का?

झबिदी : थांबली नाही. बसली आहे. लांबून चालत आलेलं माणूस बसतं तशी.

मास्तुरा : दवाखान्यात फोन केला मी. ताप आला, कळ वाढली, तर तसंच उठून इपोहला या म्हणाले. नाहीतर संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नको. योंग, मी मघापासून तुम्हाला विचारते आहे. सारात काय होतं?

सलबिया : मासा होता. मरळ. जखम भरून यायला मरळीसारखं दुसरं काही नाही. तुझ्या तिन्ही बाळंतपणांत हेच सार मी तुला पाजलं. तेव्हा नाही विचारलंस काय होतं.

मास्तुरा : मासा मलाही कळतो. मी वाडग्याच्या तळाला बोट फिरवलं. पांढरं लागलं.

सलबिया : तुझं बोट फार हुशार.

झबिदी : भात होता, मास्तुरा. वाटून घातलेला. मला पहिल्या घोटालाच कळलं.

मास्तुरा : कळलं, आणि तरी प्यायलात?

झबिदी : चार घोट. पहिला अजाणता. उरलेले तीन अजाणता नव्हते.

मास्तुरा : आज बारावा दिवस आहे. वजन उतरावं म्हणून पोटाचा तीन चतुर्थांश भाग काढलाय, आतली शिवण ओली आहे. गाळलेलं, पाण्यासारखं, एका वेळी एवढंसं टोपण. इतकं सोपं आहे ते. पोरांना कळतं.

सलबिया : मूठभर तांदूळ होता. मऊ शिजवून, वाटून, दोनदा गाळला. दिसतसुद्धा नव्हता.

मास्तुरा : दिसू नये म्हणूनच वाटलात ना?

सलबिया : मग काय करू? बारा दिवस माणूस पाण्यावर. नारळ आणायला गेले तर बाजारात जो तो विचारतो, भाऊ जेवला का? काय सांगू मी लोकांना? खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं जेवतो म्हणून सांगू?

झबिदी : सांग, पोटभर जेवला. खोटं नाही होणार.

सलबिया : तू विनोद करू नकोस. तुझे गाल बघ. उन्हात विसरलेल्या हळदीच्या पानासारखे झालेत. अंगणात मदतीला आलेली माणसं माझ्याकडे असं बघतात, जणू मीच तुला उपाशी ठेवलंय. कापूनच घ्यायचं होतं तर माझ्या सुहाइलाचं लग्न होऊ द्यायचं होतंस. एकुलती एक भाची. ती कुठे पळून चालली होती का?

झबिदी : प्रत्येक लग्नानंतर दुसरं लग्न असतं, योंग. मी गावाचा आचारी आहे. सहा वर्षं मी हेच म्हणत आलो. ही कंदुरी, हे गावजेवण उतरलं की दवाखान्यात जाईन. मग रमजान. मग ईद. मग कुणाच्या तरी मयताचा चाळिसावा. काहील कधी थंडच झाली नाही.

सलबिया : मला तरी विचारायचंस.

झबिदी : तुला विचारलं असतं, तर तू भात वाढला असतास.

सलबिया : हो, वाढला असता. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू चार. बाबा कंदुरीच्या मागे गावोगाव. घरात जेवढं शिजायचं, त्यातलं माझ्या ताटातलं तुझ्या ताटात सरकवायचे. झोपेत रडलास तर झोपेत भरवायचे. हे पोट मी भरलंय, अलांग. मुठीमुठीनं. आणि तू कुणा परक्याकडून ते कापून घेतलंस, आणि मला तिसऱ्या दिवशी फोन केलास.

मास्तुरा : योंग, तुमच्या भरवण्याला कुणी नाव ठेवत नाही.

सलबिया : तू थांब. हे त्याला म्हणू दे.

झबिदी : म्हणतो. तू भरवलंस म्हणून मी जगलो. पण आपल्या भावाला, हमदानलाही, तूच भरवलं होतंस.

सलबिया : त्याचं नाव आज काढू नकोस. घरात लग्न आहे.

झबिदी : आजच काढतो. चव्वेचाळिसावं वर्ष, आणि झोपेतच श्वास अडकला. मी आता सेहेचाळीस. जनाजा उचलायला आठ माणसं लागली. खांदा बदलायला नववं मिळेना. कबर दोनदा रुंद करावी लागली. खणणारा भला माणूस, एक शब्द बोलला नाही. पण दुसऱ्यांदा फावडं हातात घेताना त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायांपर्यंत, मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. शिंपी बघतो तसं.

सलबिया : तुला भास झाला.

झबिदी : असेल. पण त्या दिवसापासून मी दर रात्री आडवा होतो तो त्याच्या नजरेत होतो. मला कबरीची भीती नाही, योंग. आपलं माप कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय, याची आहे.

मास्तुरा : घोट घ्या.

झबिदी : घेतो.

मास्तुरा : सावकाश. एवढ्या वेळात निम्मासुद्धा संपला नाही पाहिजे. असं.

सलबिया : बघवत नाही हे. पाखराला पाजतात तसं. बरं, झालं ते झालं. उद्याचं काय? दोन रेडे कापलेत, आठशे माणूस यायचंय. पहाटे तिन्ही काहिली चढतील. आणि पहिला थेंब मुख्य आचाऱ्याच्या जिभेवर पडल्याशिवाय झाकण निघत नाही. बाबांच्या वेळेपासून नाही. तू चव घेणार की नाही?

मास्तुरा : खुर्चीवर बसतील. पळा उचलायचा नाही, आगीजवळ वाकायचं नाही. आणि गिळायचं तर मुळीच नाही.

सलबिया : मी त्याला विचारलं.

झबिदी : बावीस रमजान मी मशिदीच्या अंगणात खीमा घातलेली पेज उतरवली. दुपारी तीन वाजता, रोजा धरून. थेंब जिभेच्या टोकाला लावायचा, थुंकायचा, चूळ भरायची. एकदा तरी मीठ चुकलं का?

सलबिया : तेव्हा सगळ्यांचीच तोंडं कोरडी असतात, कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. उद्या लग्न आहे. नवरीचा मामा काहिलीपाशी उभा राहून तिच्या लग्नाचं अन्न थुंकणार? आठशे माणसांदेखत? नवऱ्याकडचे लोक काय समजतील? आणि रोज्याचं म्हणशील, तर रोज्याला मावळती असते. अजान होते, खजूर तोंडात पडतो, माणूस हसतो. तुझ्या या रोज्याची अजान कधी व्हायची? सांग ना. कुठल्या महिन्यात चंद्र दिसणार आहे तुला?

मास्तुरा : योंग, पुरे.

झबिदी : नाही, तिला बोलू दे. बारा दिवस मी जे स्वतःला विचारायला घाबरतोय, ते तिनं एका दमात विचारलं. मला माहीत नाही, योंग. या रोज्याला बहुतेक मावळती नाही. तीन आठवड्यांनी पेज मिळेल, दोन महिन्यांनी वाटीभर भात मिळेल, पण तो पूर्वीचा सूर्यास्त... हातात गच्च घास, पुढ्यात ढीग, आणि मन कुठेच नाही, तो पुन्हा नाही.

सलबिया : मग कशाला केलंस?

झबिदी : ऐक तर. गंमत अशी, की पोटाला भूकच नाही. खरंच नाही. पोट गप्प आहे, घर सोडून गेलेल्या माणसाच्या खोलीसारखं. भूक इथे आहे, तळहातात. सकाळी अंगणात खोबरं भाजायला घेतलं आणि माझा उजवा हात आपोआप तोंडाकडे गेला. रिकामाच. मी त्याला मांडीखाली दाबून ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा निघाला.

मास्तुरा : आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, ती डोक्यातली भूक. वीस मिनिटं कळ काढली की ओसरते.

झबिदी : ओसरते. मग वीस मिनिटांनी तिची बहीण येते.

सलबिया : येणारच. बहिणी येतातच.

झबिदी : म्हणून तर तुझ्या साराचे ते तीन घोट मी घेतले. भात आहे हे कळलं, आणि माझ्या आतून कुणीतरी म्हणालं, अरे, तू होतास कुठे? बायकोला कळू नये म्हणून मी वाडगा तिच्याकडे पाठ करून धरला. मास्तुरा, हे तुला सांगितलं नव्हतं.

मास्तुरा : मला आतल्या आरशात दिसलं.

झबिदी : मग बोलली का नाहीस?

मास्तुरा : तुम्ही कधी थांबता ते बघत होते. पाचव्याला वाडगा खाली ठेवलात. कुणी सांगितलं नव्हतं. मी तेवढंच धरून बसले आहे.

सलबिया : म्हणजे तुम्हा दोघांत मीच एकटी वाईट.

झबिदी : तू वाईट नाहीस. पण अजून एक आहे, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. सकाळी तुम्ही सगळ्याजणी आत होतात, तेव्हा मी वाटलेल्या मसाल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. थुंकलं, चूळ भरली. योंग, मला मीठ कळलं नाही.

सलबिया : म्हणजे?

झबिदी : म्हणजे होतं की नव्हतं, तेच कळलं नाही. सगळं लोखंडासारखं लागतं. कोळिंजन, गवती चहा, सगळं एकाच गंजलेल्या पत्र्यामागून आल्यासारखं. परत येईल म्हणतात. कुणाची महिन्यात येते, कुणाची वर्षात. मी दिवसभर हाच विचार करतोय. जाड आचारी राहणार नाही, हे मी पत्करलं होतं. आचारीच राहणार नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तुरा : अबांग.

झबिदी : राहू दे, मी रडत नाही. उद्या गिळलं काय आणि थुंकलं काय, माझी जीभ खोटं बोलेल. आठशे माणसांसमोर मी मान हलवून "झालं" म्हणेन, आणि मला काही माहीत नसेल. ते मी करणार नाही.

सलबिया : मग चव घेईल कोण? तुझ्या हाताखालचा इद्रुस? त्याला कांद्याचा वास येत नाही.

झबिदी : तू.

सलबिया : काय, मी?

झबिदी : तेल कधी सुटलं, मांस कधी हाडापासून अलग झालं, जाळ कधी ओढायचा, ते डोळ्यांचं आणि कानांचं काम. ते माझ्याकडे आहे, खुर्चीतून सांगेन. मीठ तू सांग.

सलबिया : बाहेरच्या काहिली पुरुषांच्या. बायका आत, मसाल्याला आणि भाज्यांना. तुला ठाऊक नाही? आणि मी नवरीची आई. मी नटून पाहुण्यांना सामोरी जायचं, की धुरात उभी राहून पळा चाटायचा? लोक हसतील.

झबिदी : हसतील. मला थुंकताना बघण्यापेक्षा तुला चाखताना बघून हसू देत.

सलबिया : पंचवीस माणसं तुझ्या हाताखाली तयार झाली, त्यातलं कुणीच नाही?

झबिदी : त्यांना मीठ मी शिकवलं. मला कुणी शिकवलं? आई गेली त्या आठवड्यात तू पहिल्यांदा भात केलास, आणि त्यात मीठ घालायचं विसरलीस. मी तोंड मिटून बसलो. तुला आठवतं?

सलबिया : नाही आठवत.

झबिदी : तू बोट मिठात बुडवलंस, माझ्या जिभेवर ठेवलंस, आणि म्हणालीस, आता गीळ. माझ्या जिभेला जे काही येतं, ते त्या बोटापासून सुरू होतं. माझ्याकडून हरवलं, तर मी मागायला दुसरं कुणाकडे जाऊ?

सलबिया : तुला बोलायला फार येतं. पोट कापलं, तोंड तेवढंच ठेवलं.

झबिदी : अजून एक मागणं आहे. माझ्या वाडग्यात पुन्हा भात घालायचा नाहीस. एक कणसुद्धा. मी मागितला तरी नाही. मी मागेन, योंग. हात जोडून मागेन, आईची शपथ घालेन, तुझ्याशी बोलणं टाकेन. मास्तुरा नाही म्हणू शकते, कारण तिनं मला कधी उपाशी पाहिलेलं नाही. तू पाहिलंयस. तू नाही म्हणालीस, तरच मी यातून पार होईन. चुकलो असेन, कदाचित फार मोठं चुकलो असेन, पण आता मला या चुकीच्या पलीकडल्या काठाला जायचं आहे. बोल, जमेल?

मास्तुरा : योंग, वाडगा राहू द्या, मी धुते. योंग? कुठे निघालात?

झबिदी : जाऊ दे तिला.

मास्तुरा : वाडगा घेऊनच गेल्या.

झबिदी : काय करते आहे?

मास्तुरा : पायऱ्या उतरल्या. रांजणापाशी थांबल्यात. वाडगा धुतला. आता तळाला बोट फिरवून बघताहेत.

झबिदी : मग?

मास्तुरा : पुन्हा धुताहेत. आता वाडगा पालथा घातला. डोक्यावरचा रुमाल आवळला.

झबिदी : काहिलींकडे वळली, की फाटकाकडे?

मास्तुरा : पाठ आहे इकडे, कळत नाही. अबांग, पंधरा मिनिटं झाली.

झबिदी : दे.