रामाजींच्या पाणपोईचा पत्ता

(आर्वी, २००७. बसस्टँडसमोरची नवी पाणपोई. बियाण्यांचे व्यापारी बंडूजी आणि वर्ध्याला कॉम्प्युटर शिकवणारी त्यांची पुतणी रक्षा.)

बंडूजी : दगड नाई फोडू देणार मी. बाबाचं नाव हाये त्याच्यावर.

रक्षा : आजोबांचं नाव राहू द्या, काकाजी. खालची वेबसाइटची ओळ तेवढी काढायची. ती उघडली की जुगार दिसतो.

बंडूजी : आपल्या दुकानाची होती ना थे? जुगारवाला घुसला कसा?

रक्षा : घुसला नाही, त्याला रीतसर दिली. दुकानातल्या निकेशने फुकट मिळतं म्हणून कुठल्याशा बेटावरच्या देशाकडून वेबसाइटचं नाव घेतलं. पत्त्याची शेवटची अक्षरं त्या देशाची. त्यांनी नियम बदलला, फुकटची नावं काढून घेतली आणि विकली.

बंडूजी : मले न इचारता?

रक्षा : मेल आला होता. निकेश म्हणतो, इंग्रजीत होता, जाहिरात वाटली.

बंडूजी : तिथला तहसीलदार कोण हाये? खासदाराची चिठ्ठी आणतो मी.

रक्षा : मी लिहून पाहिलं. उत्तराचा अर्थ एवढाच, की सातबारा त्यांचा. आपण नुसती वहिवाट करत होतो.

बंडूजी : पेंटर म्हणे, भिंतीवर लिहून देतो. मीच म्हटलं, पुसून जाईल, दगडावर कोर.

रक्षा : चांगलं खोल कोरलंय.

बंडूजी : हासू नको. इतके दिवस थे साइट कोणी पाह्यली नाई. आता कॉलेजातले पोट्टे पाणी पितेत अन् पत्ता लिहून नेतेत. काल मंदिरात मधुकरराव म्हणे, रामाजीचं नाव लय दूर गेलं. सारे हासले. बाबानं जिंदगीत पत्त्याले हात नाई लावला, रक्षा.

रक्षा : म्हणून तर म्हणते, त्या ओळीत सिमेंट भरू. नवं नाव आपल्याच देशाचं घेऊ. काही झालं तर भांडायला ऑफिस तरी इथे आहे.

बंडूजी : थे कायमचं राह्यते?

रक्षा : दरवर्षी पैसे भरले तर. नियम त्यांचेच.

बंडूजी : मंजे तेबी भाड्याचंच. जाऊ दे, भर सिमेंट. पाणपोई तर आपली हाये. तिले कोण हात लावते?

रक्षा : जागा कोणाची आहे?

बंडूजी : सरकारी. साहेब म्हणे, बंडूजी, पुण्याचं काम हाये, बांधा.

रक्षा : लिहून दिलं त्यांनी?

बंडूजी : अशा कामात लिहून मागतेत का? भला माणूस होता.

रक्षा : होता?

बंडूजी : बदली झाली ना त्याची. गडचिरोलीले.