लाल पिन

ऋतुजा : आजोबा, तुमच्या जुन्या सीडीत दोन माणसं एकदम बोलतायत. काहीच कळंना.

त्रिंबक : टीव्हीला आवाजाच्या दोन्ही पिना लावल्यास की. पांढरीतून माझं मराठी येतं, लालमधून माझ्याबरोबर हे शाळेचे पाठ करणाऱ्या मल्लिकार्जुन सरांचं कन्नड. एकाच सीडीवर दोन्ही भाषा.

ऋतुजा : मग तेव्हा तुम्ही कसं ऐकत होता?

त्रिंबक : सोलापुरातल्या आपल्या त्या टीव्हीला आवाजाचं एकच भोक होतं. पांढरी खोचायची, लाल लोंबत राहायची. आता पांढरी काढ. या पाठांसाठीच उद्या अक्कलकोटला सरांचा सत्कार आहे, आणि मला त्यांच्याबद्दल बोलायचंय. आवाज तरी ऐकू दे.

(कन्नड आवाज सुरू होतो. थोड्या वेळानं ऋतुजा तो थांबवते.)

त्रिंबक : काय गं? तुझ्या आईच्या माहेरचं कन्नड वेगळं का?

ऋतुजा : तेच आहे. आजोबा, पडद्यावर मेणबत्ती पेटवताय ते तुम्हीच ना?

त्रिंबक : मीच. सावलीचा पाठ.

ऋतुजा : ते म्हणतायत, ‘हा पाठ मी तयार केलाय. मेणबत्ती पेटवतायत ते आमचे शिपाई.’

त्रिंबक : शिपाई ज्ञानू होता. त्यानं खिडक्या लावून घेतल्या होत्या... दुसरी सीडी लाव.

ऋतुजा : ह्यातही तेच.

त्रिंबक : पुढची?

ऋतुजा : तेच. राहू दे की आता.

त्रिंबक : नको, बाराही सीड्या लाव.

ऋतुजा : ...बाराही तशाच. तुम्ही कधी विचारलं नाही, ते काय बोलतात म्हणून?

त्रिंबक : विचारलं होतं. म्हणाले, ‘गुरुजी, तुमचंच, शब्दाला शब्द.’ त्यांचं कन्नड नीट बसावं म्हणून मी सुरुवातीला मुद्दाम गप्प राहायचो. तेवढ्यात त्यांनी हे बोलून घेतलं.

ऋतुजा : उद्या जाऊ नका तुम्ही.

त्रिंबक : दिवा जवळ आणला की सावली मोठी होते, हे नीट सांगितलंय का त्यांनी?

ऋतुजा : लई छान सांगितलंय.

त्रिंबक : मग पोरांचं नुकसान नाही झालं.

ऋतुजा : आणि तुमचं?

त्रिंबक : उद्या तू चल माझ्याबरोबर. समोर कन्नड माणसं असतील. मी मराठीत बोलेन, तू त्यांना कन्नडात सांग.

ऋतुजा : काय सांगू?

त्रिंबक : मी बोलेन तेवढंच.